ताटावरून उठलेली विहीण

"प्रमिला, जिलबी कुठं लपवतेस गं?"

माझ्या मोठ्या जाऊबाई, सुमनवहिनी, शेजारच्या पाटावरून कुजबुजल्या. कुजबुजल्या म्हणजे त्यांच्या मानानं. वाढायला आलेल्या दोघीजणी मान वळवून बघायला लागल्या.

"लपवत नाहीये. बाजूला ठेवलीय," मी म्हटलं.

"पुरीच्या खाली?"

आता काय सांगू या बाईला! बारा वर्षं झाली त्या दुपारला, पण ते ताट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मिरजेचं मंगल कार्यालय, वैशाखाचा उकाडा, आणि माझ्या एकुलत्या एक निनादचं लग्न लागून तासभर झालेला. विहिणीची पंगत बसली होती. मुलाची आई म्हणून सगळा थाट माझा. पाय धुऊन झाले, ओटी झाली, गजरा झाला, अत्तर झालं. चांदीचं ताट, त्याभोवती फुलांची महिरप, दोन्ही बाजूंना समया. मुलीकडच्या बायका वाढायला, मुलीची आत्या विहिणीचं गाणं म्हणायला, आणि मुलीची आई समोर उभी, विहीण पोटभर जेवतेय की नाही ते बघायला.

आमच्याकडं याच पंगतीवरून ठरतं, मुलाकडचे खूश आहेत की नाराज. विहिणीनं हात आखडता घेतला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. आणि ती ताटावरून उठली तर मग विचारूच नका. अशा उठलेल्या विहिणींची नावं लोक तीस-तीस वर्षं विसरत नाहीत.

माझ्या पोटात मावत होती अर्धी वाटी. फार तर.

चार महिन्यांपूर्वी पुण्यात माझं ऑपरेशन झालं होतं. वजन कमी करायचं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवतात ना, ते. त्या अख्ख्या कार्यालयात हे तिघांनाच ठाऊक होतं. मला, आमच्या ह्यांना आणि निनादला. आणि माझ्या हुकमानं दोघांनीही तोंडाला कुलूप लावलं होतं.

मी कराडच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं बसले. माइक बंद पडला तर सांगलीची गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते मी नुसत्या घशानं सांगायची आणि पार रिक्षावाल्यांपर्यंत ऐकू जायचं. पण त्या खुर्चीत बसून बसून वजन गेलं एकशे अठरावर. साखर आली, गुडघे गेले. झोपेत मी अशी घोरायची आणि मधेच अशी थांबायची, की हे उठून श्वास चालू आहे का बघायचे. शेवटी एक दिवस माहेरी जायला म्हणून गाडीपाशी गेले आणि पायरीच चढता येईना. कंडक्टरनं वरून हात दिला, ड्रायव्हर उतरून आला, आतली माणसं माना काढून बघायला लागली. एसटीत नोकरी आणि एसटीची पायरी चढता येईना! तशीच घरी परत आले आणि हे यायच्या आत रडून घेतलं.

निनाद मला पुण्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. तरुण होता डॉक्टर, पण बोलायला शांत.

"काकू, आजवर किती वेळा वजन उतरवलंत?"

"सहा वेळा."

"आणि परत किती वेळा वाढलं?"

"सात वेळा."

मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "मग हा तुमच्या जिभेचा दोष नाही. आजार आहे. आजाराला उपचार करायचा, त्यात लाजायचं काय?"

ऐकायला बरं वाटलं. पण आयुष्यभर 'तोंड आवर, तोंड आवर' ऐकलेल्या बाईच्या आत ते कुठलं मुरायला!

पौषात ऑपरेशन झालं. पोटावर पाच बारकी भोकं, बस. पहिले दोन दिवस औषधाच्या टोपणानं पाणी. हे घड्याळ लावून उशाशी बसायचे, एक टोपण झालं की म्हणायचे, "शाबास!" जसं काही मी गड चढतेय. मग पंधरा दिवस डाळीचं पाणी, ताक, नारळपाणी. हे स्वतःचं ताट घेऊन गच्चीवर जाऊन जेवायचे, मला वास येऊ नये म्हणून. मी म्हणायची, "अहो, इथंच बसा, मला भूकच नाहीये." खरंच नव्हती हो! सकाळचा चहा पिताना दुपारच्या आमटीचा विचार करणारी मी, आणि माझी भूकच कुणीतरी उचलून नेलेली. थोडी घाबरलेच होते. पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा मऊ भात-वरण मिळालं. चार चमचे. तिसऱ्या चमच्याला पोट भरलं आणि डोळ्यांना धार लागली. पोट भरलं म्हणजे काय वाटतं, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं होतं.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी साखरेची गोळी बंद केली. एका सकाळी मी स्टँडवर गेले, साताऱ्याच्या गाडीचा दांडा धरला आणि चढले. एकटी. काही काम नव्हतं, उंब्रजपर्यंत गेले, तिथं उतरून दुसऱ्या गाडीनं परत आले. अशी चैन मी जन्मात केली नव्हती.

मग एवढं सगळं छान झालं, तर लपवलं कशाला? लाज वाटली म्हणून. 'तोंड आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं,' असंच म्हणणार लोक. आमच्या कॉलनीतल्या एकीच्या भाचीनं केलं तेव्हा मी स्वतःच म्हटलं होतं. त्यामुळं पौषभर 'नाशिकला बहिणीकडं' होते, आणि पुढं जो विचारेल त्याला सांगत सुटले, "मेथीचं पाणी आणि रोज पाच किलोमीटर चालणं. मन घट्ट करायचं, दुसरं काय!"

फाल्गुनात लग्नाच्या याद्या करायला मिरजेला गेलो, तेव्हा शरयूताईंनी, म्हणजे होणाऱ्या सुनेच्या, ऋजुताच्या आईनं, मला स्वयंपाकघरात ओढलं. गोल चेहऱ्याची, जीव लावणारी बाई. घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या. अंगानं माझ्यासारख्याच होत्या, म्हणजे आधीच्या माझ्यासारख्या.

"विहीणबाई, खरं सांगा, कसं केलंत हो हे?"

"मेथी. रात्री भिजत घालायची, सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्यायचं."

"आणि?"

"आणि निग्रह," मी म्हटलं. काय तो माझा थाट! त्यांनी कपड्यांची मापं लिहायच्या वहीत मेथीचं सगळं लिहून घेतलं. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

तर अशी मी त्या पाटावर बसले होते. मांडी घालून, जमिनीवर. हेच केवढं अप्रूप होतं, पण ते सांगायचं कुणाला? मसालेभाताचे तीन घास, अळूचे दोन चमचे. झालं माझं जेवण. उरलेलं इकडून तिकडं सरकवत वेळ काढत होते. पण सुमनवहिनी कसल्या गप्प बसतायत!

"अगं, ही एका बैठकीला पंधरा जिलब्या खायची!" त्यांनी समोरच्या बायकांना सांगितलं. "आमच्या शेखरच्या लग्नात आचारी बघायला आला होता, कोण खातंय म्हणून!"

झालं. वाढणाऱ्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. पंधरा खाणारी विहीण आज एकसुद्धा खात नाही म्हणजे काय? आत्याबाई गाण्यात एकेक पदार्थाचं नाव घेऊन मला आग्रह करत होत्या, त्यांचा सूर खाली आला. मागं कुणीतरी म्हणालं, "साडी आवडली नाही वाटतं." दुसरी म्हणाली, "भात गार होता का गं?" लगेच गरम मसालेभात आला, वर तुपाची धार. श्रीखंडाची वाटी भरलेली होती, तरी शेजारी दुसरी वाटी आली. मी "पुरे, पुरे" म्हणायची, आणि जितकं पुरे म्हणायची तितक्या त्या बिथरायच्या.

तेवढ्यात मुलीचे वडील, अच्युतराव, फेटा सावरत थेट बायकांच्या पंगतीत आले. हात जोडलेले.

"विहीणबाई, आमचं काही राहिलं असेल तर मोकळेपणानं सांगा."

"काही नाही हो. सगळं छान आहे."

"मग घ्या की!"

"घेतेय ना."

त्यांनी माझ्या भरल्या ताटाकडं बघितलं आणि खाली मान घालून उभे राहिले. माझा जीव अर्धा झाला. पोरीचा बाप होता तो. आणि मी काय करत होते, तर माझी अब्रू झाकायला त्याची मान खाली घालायला लावत होते.

मग शरयूताई पुढं आल्या. माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. त्यांचे गुडघे टेकताना किती दुखले ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कळतं ते आमच्यासारखीला. त्यांनी जिलबीचा मोठा तुकडा मोडला, श्रीखंडात बुडवला आणि माझ्या ओठांशी आणला.

"एकच. माझ्या हातचा."

मी तोंड उघडलं. काय करणार होते? त्यांना वाटलं, जमलं! लगेच दुसरा घास. तोही घेतला. पंगतीत हायसं झालं, आत्याबाईंचा सूर पुन्हा चढला.

आणि दोन मिनिटांत मला दरदरून घाम फुटला. छातीत धडधड, पोटात पीळ, तोंडात पाणी. गोडापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं. मी समईला धक्का लागू नये एवढं बघितलं आणि उठले. ताटावरून उठले.

गाणं तुटलं. मी तोंडावर पदर धरून मुदपाकखान्यामागच्या मोरीकडं धावले.

सगळं बाहेर पडलं तेव्हा कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवत होतं. शरयूताई. त्यांनी तांब्यातून पाणी दिलं. मी चूळ भरली.

"बरं वाटतंय का?"

"हो. आता बरंय."

मग त्यांचा बांध फुटला. "विहीणबाई, काय चुकलं ते एकदा सांगून टाका हो! वाटेल ते करू आम्ही. ऋजुताची पाठवणी व्हायचीय अजून. तिला जन्मभर ऐकावं लागेल, तुझ्या लग्नात सासू ताटावरून उठली म्हणून."

"शरयूताई, काही चुकलं नाही तुमचं."

"मग उठलात का?"

मी पदरानं तोंड पुसत राहिले.

"मला माहितीय का ते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "माझाच राग आला तुम्हाला. एवढा निग्रह करून तुम्ही गोड सोडलंत, आणि मी बळेच तोंडात कोंबलं. मला निग्रह कशाशी खातात तेच ठाऊक नाही ना!"

"असं काय बोलता?"

"खरं तेच बोलते. दोन महिने मेथीचं पाणी पितेय. एक दिवस चुकवलं नाही. गुडघे सुजले तरी रोज स्टेशनपर्यंत चालत जाऊन येते. रात्रीचं जेवण सोडलं. किती उतरलं असेल? दीड किलो!" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "हे म्हणतात, तू चोरून खात असणार, नाहीतर विहीणबाईंचं उतरलं आणि तुझं कसं नाही? नाही हो खात मी! देवाशपथ नाही खात! पण आता मलाच वाटायला लागलंय, माझ्यातच काहीतरी खोट आहे. सकाळी फोटोला तुमच्या शेजारी उभं राहायची लाज वाटली मला. स्वतःच्या लेकीच्या लग्नात."

मला कुणीतरी खाडकन थोबाडीत मारल्यासारखं झालं. 'चोरून खात असशील.' हे वाक्य मी आईकडून ऐकलं होतं, सासूकडून ऐकलं होतं, चोरी न करता ऐकलं होतं. त्याच्यापायी किती रडले होते! आणि ते मी स्वतःच्या हातानं, मेथीच्या पुडीत बांधून, या बाईच्या घरी पोचवलं होतं. आधी वाटलेली लाज काहीच नव्हती. लाज वाटली ती आता.

शरयूताईंनी डोळे कोरडे केले. "जाऊ दे. मी बाहेर सांगते, उन्हाचं पित्त झालं म्हणून. तुम्ही फक्त परत येऊन पाटावर बसा. एवढं करा माझ्यासाठी."

सोय उत्तम होती. पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा मेथीचं पाणी प्यायली असती.

मी बाहेर आले. पाटावर बसले नाही. पंगतीच्या मधोमध उभी राहिले आणि माझा तो खिडकीतला आवाज लावला.

"सगळ्यांनी इकडं लक्ष द्या!"

पुरुषांच्या बाजूचेही दारात गोळा झाले. आमचे हे सगळ्यांत पुढं, हातात विडा तसाच. त्यांना माझ्या तोंडाकडं बघून कळलं असावं. त्यांनी हळूच मान हलवली, बोल म्हणून.

"मी रुसलेली नाही. साडी सुरेख आहे, भात गरम आहे, आणि सून तर मला हिऱ्यासारखी मिळालीय. माझं चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालंय. वजन कमी करायचं, पोटाचं. माझ्या पोटात अर्ध्या वाटीच्या वर मावत नाही आणि गोड सोसत नाही, म्हणून उठले. मेथीबिथी सगळं खोटं. निग्रहसुद्धा खोटा. मला लाज वाटत होती म्हणून मी थाप मारली."

मग सुमनवहिनींचा आवाज आला.

"अगं बाई! मग पौषात नाशिकला होतीस ती?"

"पुण्यात. हॉस्पिटलात."

"आणि मी मूर्ख इकडं महिनाभर ते कडूझार पाणी पितेय!"

कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरी हसली. पण माझं लक्ष शरयूताईंकडं होतं. त्या मुदपाकखान्याच्या दारात उभ्या होत्या, ओला पदर मुठीत धरून. मला वाटलं, आता ही बाई चिडणार. चिडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. त्या सावकाश चालत माझ्यासमोर आल्या.

"म्हणजे नुसत्या मेथीनं तुमचंही उतरलं नसतं?"

"सहा वेळा करून बघितलंय. उतरलं तरी परत वाढलं."

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही हो, शरयूताई. काही चुकत नव्हतं. मला माफ करा."

त्यांनी माफीकडं लक्षच दिलं नाही. "मी चोरून खात नव्हते."

"मला माहितीय."

"तुम्हाला माहितीय, त्याचं काय?" त्यांनी हात लांब करून दाराकडं बोट केलं. तिथं फेटा घालून अच्युतराव उभे होते. "त्यांना सांगा. असं नाही, मोठ्यांदा सांगा. आत्ताच्या त्या आवाजात."

मी वळले आणि पोटात होता तेवढा दम लावला. "अच्युतराव! ह्या चोरून खात नाहीत!"

समयांच्या वातीसुद्धा हलल्या असतील. अच्युतरावांचा चेहरा उतरला. मघाशी माझ्यापुढं जोडलेले हात त्यांनी आता बायकोपुढं जोडले, आणि अख्ख्या कार्यालयासमोर म्हणाले, "चुकलं माझं, शरयू." शरयूताई एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या. त्यांना बघून मीही.

मी त्यांचा दंड धरला आणि माझ्या पाटाकडं नेलं. "बसा."

"अहो, काय करताय?"

आत्याबाई मधे पडल्या. "मुलीची आई या पंगतीत बसत नाही हो, विहीणबाई. ती वाढते."

"आज मुलाची आई वाढेल," मी म्हटलं. ताट बदलून घेतलं, पदर खोचला आणि पुऱ्यांची परात उचलली. सुमनवहिनी श्रीखंडाचं पातेलं घेऊन माझ्या मागं उभ्या राहिल्या, न सांगता. दोन्हीकडच्या बायका तोंडाकडं बघत राहिल्या आणि मग हळूहळू जेवायला लागल्या.

शरयूताई सकाळपासून उपाशी होत्या. कन्यादानाचा उपास, आणि त्याआधीचे दोन महिने. त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं. कोण आपल्या ताटात डोकावतंय ते बघायची आम्हा जाड बायकांना सवयच असते. मी त्यांच्या आणि पंगतीच्या मधे परात घेऊन आडवी उभी राहिले.

"आणखी वाढू?"

"वाढा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि पोट भरेपर्यंत जेवल्या, कुणाकडंही न बघता.